उजव्या अंगाला कललेली जीप

माणूस उठला की बाजल्याची दोरी थोडी तरी वर येते. आमची जीप वर आली नाही. दादा गेला आणि ती त्याच्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला, होती तशीच कललेली राहिली. अंधेरी पूर्वेला महाकालीच्या रस्त्यालगत आमची चाळ होती. तिच्या फरशीच्या अंगणात ही जीप उभी असायची. वरच्या गॅलरीतून पाहिलं तर वाटायचं, सीटवर कोणीतरी अंगापिंडाने मोठा माणूस बसलाय, फक्त दिसत नाही.

दादा होताच तसा. शेजारचे म्हणायचे, हा बसला की गाडीला कळतं. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप त्याने घेतली, स्वतः रंगवली आणि दिंडोशीच्या टेकडीवर एका ठेकेदाराकडे भाड्याने लावली. तिथे नव्या वसाहतींसाठी डोंगर कापत होते. सर्व्हे करणारी माणसं, त्यांची दुर्बीण, खांब, डबे हे सगळं वर न्यायचं आणि संध्याकाळी खाली आणायचं, हे त्याचं काम. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. त्यामुळे आमच्या घराची चूल बरीचशी त्या जीपवर पेटत होती. माझं कॉलेजही तिच्यावरच झालं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. विज्ञानाची पदवी आहे माझी. मी ती मिरवते, आणि का मिरवू नये?

एका दुपारी त्याच टेकडीच्या चढावर दादाने गाडी बाजूला घेतली, गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेक ओढला आणि मागे टेकला. मागे बसलेल्या दोघांना वाटलं, बिडी पेटवतोय. त्यांनी हाक मारली तोवर सगळं संपलं होतं. उजव्या हाताला दरी होती. गाडी इंचभरही मागे सरकली नव्हती. हँडब्रेक इतका घट्ट ओढला होता की नंतर तो सोडवायला दोन माणसं लागली.

जीप वहिनीच्या नावावर झाली. दोघांना मूल नव्हतं. चालवायला दादाचा एक दोस्त आला, खारदांड्याचा कोळी. वाळल्या बोंबलासारखा सडपातळ माणूस. तो सीटच्या कडेला बसून, दाराला चिकटून गाडी चालवायचा. एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, नीट मागे टेकून बस की."

तो म्हणाला, "टेकलो ना ताई, की वाटतं कोणाच्या तरी छातीवर टेकलोय. दोनदा केलं. आता नाय करत."

मी हसले. वहिनी हसली नाही.

वहिनीचं म्हणणं साधं होतं. हे अजून उतरले नाहीत. ती सकाळी गॅलरीत केस विंचरायला यायची, आधी खाली जीपकडे बघायची, मग फणी हातात घ्यायची. नवऱ्याचं नाव तिने आयुष्यात कधी घेतलं नव्हतं आणि आताही घेत नव्हती. "बसलेत," एवढंच म्हणायची आणि आत चहा टाकायला जायची. तिला त्यात भीती नव्हती. भीती वाटायची ती मला. मी गणपतीपुढे सुद्धा हात जोडताना इकडेतिकडे बघणारी, पण मी नोकरी करायचे त्या कारखान्यातून परतताना अंगणात शिरलं की माझे पाय जीपच्या डाव्या बाजूने जायचे. उजवीकडून कधीच नाही.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर टेकडीच्या रस्त्याची वाट लागली. डंपरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चर पडले आणि मधे मातीचा कणा उभा राहून वाळला. जीपचं पोट त्याच्यावर घासायला लागलं. ठेकेदाराचा इंजिनिअर एका संध्याकाळी स्वतः चाळीत आला. खाटेवर बसलासुद्धा नाही.

"बाई, गाडी वर घ्या. चार-पाच इंच तरी. दिवाळीच्या आत. नाहीतर मला दुसरी बघावी लागेल. तुमच्या मिस्टरांची आठवण आहे म्हणून इतके दिवस थांबलो."

तो गेल्यावर वहिनीने मला विचारलं, "गाडी वर घ्यायची म्हणजे काय करतात, वन्स?"

मी तिला पाटे दाखवले. चाकांच्या दांड्यावर एकावर एक रचलेल्या पोलादी पत्त्या, धनुष्यासारख्या वाकवलेल्या. भार आला की लवतात, गेला की उठतात. वर्षानुवर्षं एकाच बाजूला जास्त भार पडला की पोलाद थकतं आणि परत उठायचं विसरतं. उजव्या पाट्यांचं तेच झालंय, एवढंच.

"एवढंच," वहिनी म्हणाली.

"आणि पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. तिचंही वजन."

"मग टाकी रिकामी करा. बघू उठते का."

ही वहिनीची पद्धत. वाद घालायची नाही, काम सांगायची. रविवारी कोळ्याने नळी लावून टाकी उपसली. मी आईच्या शिवणाच्या पेटीतला टेप आणला, आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि दोन्ही मडगार्डपासून फरशीपर्यंत अंतर मोजलं. उजवी बाजू चांगली तीन बोटं खाली. टाकी रिकामी, सीट रिकामी, आणि तीन बोटं खाली. बाबा जिन्यात बसून बघत होते. गिरणी बंद झाल्यापासून ते कमीच बोलायचे.

आता प्रश्न होता तो गाडी कशी उचलायची हा. आणि वहिनीपुरता प्रश्न वेगळाच होता. पाटे बदलले की गाडी सरळ होणार. सरळ झाली की सीटवर कोणी नसणार. भाडं गेलं तर आम्ही तिघं माझ्या एकटीच्या पगारावर, आणि भाडं राहिलं तर तिचा माणूस उठणार. हे तिने शब्दांत सांगितलं नाही. पण त्या रात्री जेवताना तिने विचारलं:

"पाटे तेच ठेवून होत नाही का काही?"

होत होतं. पाटा ज्या कडीला लटकतो ती शॅकल, लांब घातली की गाडी उचलली जाते. मी गॅरेजच्या मिस्त्रीला विचारून ठेवलं होतं.

"मग तेच करा."

"त्याने स्टीअरिंग हलकं होतं वहिनी. उतारावर गाडी भटकते."

"मिस्त्री म्हणाला?"

"तो नसता म्हणाला तरी मी म्हटलं असतं."

"तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला सगळं म्हणता येतं."

हे ती रागाने म्हणाली की कौतुकाने, मला आजही ठरवता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने कोळ्याला विचारलं आणि त्याने सरळ सांगितलं, "वहिनी, त्या वळणावर उजवीकडे काय आहे तुम्हाला माहीत आहे. तिथे गाडी भटकली तर तुम्हाला सांगायला कोण परत येणार?" वहिनीने शॅकलचं नाव परत काढलं नाही.

आम्ही तिघं कुर्ल्याला गेलो. कोळी चालवत होता, मी त्याच्या शेजारी, वहिनी मागे. पुढच्या डाव्या सीटवर ती कधीच बसली नव्हती. दादा असताना ती सीट भाड्याच्या साहेबलोकांची. बायको मागे, डब्यांच्या आणि खांबांच्या सोबत. तो गेल्यावरही तिने ती शिस्त मोडली नाही.

कुर्ल्याच्या गाड्यांच्या भंगाराच्या गल्लीत एक पाटेवाला होता. दुकानभर पाटे टांगलेले, खाली भाता चालू. त्याने आम्हा दोघींकडे पाहिलं, मग कोळ्याकडे.

"जेंट्स तुम्हीच काय?"

"मी ड्रायव्हर," कोळी म्हणाला आणि बिडी काढून बाहेर गेला.

मी म्हटलं, "गाडी हिची आहे. बोलणार मी आहे. तुम्ही माल दाखवा."

"बोला ना ताई, बोला. आपल्याला काय. दोन रस्ते आहेत. एक, तुमचेच पाटे भट्टीत लाल करायचे, ठोकून कमान वाढवायची. गाडी झकास वर येते."

"आणि टिकतं किती?"

"खोटं कशाला बोलू. एक पावसाळा. मग परत बसणार."

मला ते पटत होतं. पोलाद एकदा असं तापवलं की त्याचा चिवटपणा जातो. पण म्हटलं, एक पावसाळा तर निघेल, खर्चही कमी, आणि पाटे तेच राहतील. वहिनीचं मन राहील. मी तिच्याकडे वळले. ती भट्टीकडे बघत होती. कोणाच्या तरी ट्रकचा पाटा आत लालभडक झाला होता आणि एकजण तो चिमट्याने फिरवत होता.

"ह्यात घालणार?"

"हो वहिनी. घडीभर."

"नको," ती म्हणाली. "एकदा दिलं अग्नीला. परत नको."

पाटेवाल्याला कळलं नाही, पण त्याने भट्टीचा विषय सोडला. त्या धंद्यातली माणसं बघून असतात बरंच काही. त्याने आतून एक लाकडी खोकं ओढत आणलं. आखातात कामाला असलेल्या कोणीतरी स्वतःच्या जीपसाठी पाठवलेलं आणि मग जीपच विकल्यामुळे पडून राहिलेलं. गाडी उंच करायचा आख्खा लिफ्ट किट. चार नवे पाटे, चार शॉकअप, बोल्ट, सगळं ग्रीस लावून कागदात गुंडाळलेलं. प्रत्येक पाट्यावर डावा-उजव्याची इंग्रजी अक्षरं ठोकलेली. खोक्यावर रंगीत चित्र: वाळवंटात उंच जीप आणि तिच्यात काळा गॉगल लावलेला गोरा माणूस.

बिडी संपवून आलेला कोळी चित्र बघून म्हणाला, "हा बघा येडा. बायकोच्या जागेवर बसून गाडी चालवतोय."

वहिनी त्या दिवसात पहिल्यांदा हसली. जरासंच. मग तिने पाटेवाल्याला विचारलं, "जुने पाटे मला परत मिळतील ना?"

"मिळतील की. कोकणातल्या आहात ना? चार कोयते निघतील त्यातून, एक नंबर."

"कोयते नाही काढायचे," ती म्हणाली.

असा आमचा किट ठरला. लोक ताकद बघून ठरवतात, उंची बघून ठरवतात. आम्ही कुठला पर्याय जाळत नाही आणि कुठला मारत नाही हे बघून ठरवला.

मिस्त्रीने दोन दिवस गाडी ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी कोळी ती घेऊन आला. चाळीतली पोरं ओरडत धावली. जीप खरोखर उंच झाली होती. एखाद्या घोड्यासारखी अंगणात शिरली. कोळी उतरला, आमच्याकडे आला, आणि त्याचा चेहरा बघून मी जीपकडे नीट पाहिलं.

ती उजवीकडे कललेली होती. पूर्वीपेक्षा जास्त.

शेजारची म्हातारी पदर तोंडाला लावून आत गेली. मी टेप आणायला निघाले आणि निम्म्या जिन्यात थांबले, कारण मोजायची गरज नव्हती. नवे पाटे, नवे शॉकअप, रिकामी सीट. माझ्या दंडावर काटा आला होता तो मला दिसत होता. पदवी असलेल्या हातावरही तसाच काटा येतो, काही फरक नसतो.

वहिनी गॅलरीतून खाली आली. जीपच्या उजव्या बाजूने गेली, मी जिथून कधी जात नसे तिथून, आणि सीटच्या पत्र्यावर हात ठेवला. तिचा चेहरा मोकळा झाला होता. कित्येक महिन्यांत मी तिला तशी पाहिली नव्हती.

"बघा," ती हळू म्हणाली. "नाही उठले."

कोळ्याने किल्ली बाबांच्या हातात दिली. "बाबा, रागवू नका. मी नाय बसणार आता. हायवेवर पण मला ओढत होती उजवीकडे. तो माझा दोस्त होता. पण मला पण बायको आहे."

बाबांनी किल्ली घेतली. सोमवारी ठेकेदाराकडे गाडी उभी राहायला हवी होती आणि त्या दिवशी शनिवार होता.

मी काय केलं ते सांगते. मी परत खाली येऊन जीपशेजारी फरशीवर उकिडवी बसले. आणि बसल्यावर पाटे डोळ्यांसमोर आले. सवयीने मोजले. उजव्या पाट्यात जितक्या पत्त्या, त्याहून डाव्यात एक जास्त. परत मोजल्या. मागचे बघितले. तिथेही तसंच. मग मला खोक्यावरचा गॉगलवाला आठवला, बायकोच्या जागेवर बसलेला. त्यांच्याकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. टाकीही त्याच्याच खाली. म्हणून त्यांचा डावा पाटा दणकट. मिस्त्रीने अक्षरं बघून डावा तो डावीकडे, उजवा तो उजवीकडे बसवला. त्याने काही चुकीचं केलं नव्हतं. मीही ती अक्षरं वाचली होती. दुकानात इंग्रजी वाचणारी मी एकटीच होते. आमची उजवी बाजू, जिला जास्त ताकद हवी, तिला कमी मिळाली होती.

मला उठून नाचावंसं वाटायला हवं होतं. मी वहिनीकडे बघितलं आणि तशीच बसून राहिले. मग सांगितलं. सांगायलाच हवं होतं, ती गाडी माणसं घेऊन दरीच्या कडेने जाणार होती.

"वहिनी, पाटे उलटसुलट लागलेत. डावे उजवीकडे घातले की गाडी सरळ होईल."

तिने हात पत्र्यावरून काढला नाही.

"म्हणजे ते नाहीत."

"डावीकडे पत्ती एक जास्त आहे. मला एवढं दिसतं. बाकीचं मला दिसत नाही."

"मग राहू दे तशीच."

"वहिनी, ते वळण..."

"मला माहीत आहे ते वळण. तुम्हाला सगळ्यांना ते वळण माहीत आहे. मला सोडून सगळे तिथून जाऊन आलेत."

हे खरं होतं. तिला तिथे कोणी नेलंच नव्हतं.

तेव्हा बाबा जिन्यातून उठले. घरात गेले, नारळ घेऊन आले. पायातल्या चपला काढल्या आणि जीपच्या पुढे उभे राहिले. आमच्या मालवणकडे कुठलंही काम काढायच्या आधी गाऱ्हाणं घालतात. गावच्या देवाला, जागेच्या राखणदाराला, गेलेल्या माणसांना सगळ्यांना साक्ष ठेवून सांगायचं, आणि जमलेल्यांनी होकार भरायचा. गावी बाबा गाऱ्हाणं घालायचे. मुंबईत त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. मिलच्या भोंग्याखाली तो आवाज दबून गेला असेल असं मला वाटायचं.

"बा देवा म्हाराजा," बाबांनी सुरुवात केली, आणि चाळ गप्प झाली. "आज ह्या गाडयेचे पाटे बदलूचे आसत. तुका न सांगता हात लावचंव नाय."

"व्हय म्हाराजा," वरच्या गॅलरीतून कोणीतरी म्हणालं.

"ह्यो माझो झिल. गाडी उभी करून गेलो. मागच्या माणसांक खरचटूक सुद्धा दिल्यान नाय. तेका आमी उठवचंव नाय, म्हाराजा. पण उजवीकडे वजन पडता, आणि थंय दरी आसा. तेका सांग, उजवीकडे बसा नको." मग ते देवाशी बोलायचे थांबले आणि सरळ सीटकडे बघून म्हणाले, "मधी बस, झिला. सगळ्यांका घेवन मधी बस."

"व्हय म्हाराजा," वहिनी म्हणाली.

कोळी म्हणाला. मीही म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

वहिनीने मग जीपवरचा हात काढला. बाबांनी नारळ फोडला, आणि कोळ्याने खोबऱ्याबरोबर किल्लीही परत घेतली.

रविवारी मिस्त्रीला घरून उठवून आणला. तो कुरकुरला, मग मी पत्त्या मोजून दाखवल्यावर जीभ चावून कामाला लागला. दुपारपर्यंत डावे उजवीकडे गेले, उजवे डावीकडे आले. मी टेप लावला. दोन्ही बाजू सारख्या. वहिनीने टेप स्वतःच्या हातात घेऊन परत लावला. जुने पाटे तिने जिन्याखाली ठेवून दिले होते. ते चाळ पडेपर्यंत तिथेच होते.

सोमवारी ती म्हणाली, "मी येते वर."

जीप इतकी उंच झाली होती की तिला चढायला लाकडी स्टूल लावावं लागलं. मी मागे जायला वाट करून दिली तर ती पुढे गेली आणि डाव्या सीटवर बसली. कोळी उजवीकडे बसला. नारळाचं खोबरं अजून त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. तो जरा थांबला, मग सावकाश मागे टेकला. मी मागे, खांबांच्या सोबत.

दिंडोशीच्या पायथ्याला इंजिनिअर आपल्या दोन माणसांसह उभा होता, दादाच्या शेवटच्या फेरीत मागे बसलेले तेच दोघे. गाडीकडे बघून त्याने मान डोलावली. माणसं मागे चढली. तो स्वतः पुढे येऊन दोन सीटांच्या मधल्या जागेत बूड टेकवू लागला. जीपमध्ये तसं सगळेच बसायचे.

"तिथे नको साहेब," कोळी म्हणाला.

"का? मोडलंय काही?"

"मोडलं काय नाय. जागा धरलेली आहे."

इंजिनिअरने वहिनीच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि मुकाट मागे आला, माझ्या शेजारी.

चढाला लागलो. मातीचा कणा खालून सरकत गेला, पोटाला लागला नाही. गाडी चर ओलांडताना डुलायची आणि परत सरळ व्हायची. वळणाच्या अलीकडे कोळ्याने गाडी बाजूला घेतली, गिअरमध्ये ठेवली आणि हँडब्रेक ओढला. वहिनीने विचारलं नाही, ही जागा कुठली. ती आधी समोर बघत राहिली, मग उजवीकडे, कोळ्याच्या पलीकडे, दरीकडे. खाली झाडं होती आणि लांब हायवेवर गाड्या जात होत्या. मागची माणसंही तिकडेच बघत होती. दादा बिडी पेटवत नव्हता हे त्यांना आता माहीत होतं.

"चला," वहिनी म्हणाली.

कोळ्याने हात पुढे केला, पण तिने त्याला थांबवलं. हँडब्रेकची मूठ मधोमध होती. डाव्या सीटवरून तिचा हात सरळ तिथे पोचला असता. तिने तसा नेला नाही. ती पुढे वाकली, मधली जागा सोडून, काचेजवळून वळसा घालून हात नेला आणि ब्रेक सोडला.